गणपत, तुझा धोटा खरा ठरला

गणपत, तू जिंकलास. घे, लिहून दिलं. सोळा वर्षं आपला वाद चालला. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. पंगत उठायची, वाढपी पत्रावळी गोळा करायला यायचे आणि आपण दोघं अजून पहिल्या भातावर भांडत बसलेलो. आज हरलो हे सांगायला मी इतका उतावीळ झालोय की शाईची दौत लुंगीवर सांडली. कुसुम म्हणाली, "गणपतभाऊले चिठ्ठी लिहून राहिले का? पत्ता काय टाकान?" मी म्हटलं, तू सरक, मला आधी लिहू दे, पत्त्याचं पुढे बघू.

तू गेल्याला दीड महिना झाला. जन्म कधी, शिक्षण किती, मागे कोण कोण, असलं मी काही लिहिणार नाही. जन्मतारीख तुझी तुलाच ठाऊक नव्हती. वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो की आपण साडू, दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, कुसुम माझी, विमल तुझी. तू खाप्याचा विणकर, हातमागावर लुगडी विणणारा, आणि मी कन्हानजवळच्या एका कोळसा खाणीतला हाजरीबाबू. बाकी हा सगळा मजकूर शोभाचा आहे, तुझ्या लेकीचा.

सक्करदऱ्याला तिच्या घरासमोरच्या रस्त्यावर, तिच्या डोळ्यांदेखत, तुला ट्रकनं उडवलं. त्या दिवसापासून ती तो रस्ता ओलांडू शकत नव्हती. शाळेत शिकवते ती, आणि शाळा नेमकी रस्त्याच्या पलीकडे. साडी नेसून, डबा भरून दारापर्यंत यायची. कुठं तरी हॉर्न वाजायचा की भिंतीला धरून खाली बसायची. पोळ्या लाटताना, वेणी घालताना, रविवारी सगळी गल्ली टीव्हीसमोर बसलेली असताना, तिला तो क्षण पुन्हा दिसायचा. आठवायचा असं म्हणत नाही मी. दिसायचा. शाळेनं दोन वेळा निरोप धाडला. दुसऱ्या निरोपाची भाषा पहिल्याइतकी गोड नव्हती.

असा तो दिसण्याचा आजार मला चांगला माहीत आहे. मलाही झाला होता आणि तू बरा केला होतास. कसा बरा केलास, हाच तर आपला वाद.

सुरुवात माझ्या बढाईनं झाली. तुझ्या लग्नात मी नवा नवा थोरला जावई, सासुरवाडीला बसून खाणीतल्या गोष्टी सांगायचो. अंधार असा, पाणी असं, छत कधी बसेल नेम नाही, पण आपण घाबरत नाही. खरं म्हणजे मी वर कडुनिंबाखाली टेबल टाकून हाजरी मांडायचो. खाणीत एक पाऊल ठेवलेलं नव्हतं. आणि तू, बाशिंग अजून उतरलेलं नाही, अगदी साधेपणानं विचारलंस, "बाबू, खाली वास कसा येते गा?"

"कोळशासारखा," मी ऐटीत म्हणालो.

"कोळशाले तं जाळल्याशिवाय वासच नसते."

सासरेबुवांना एवढं हसू आलं की त्यांची कवळी मांडीवर पडली. तो प्रश्न मी सात वर्षं उराशी बाळगला. दर सणाला तू भेटलास की पहिलं वाक्य तेच, "काय बाबू, वास समजला का?" शेवटी एका सकाळी मी बत्तीघरातून दिवा घेतला आणि खाली उतरलो. साहेबांना विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. वास घ्यायला.

गणपत, हे मी तुला कधीच सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलो, असं स्वतःला समजावत आलो. खोटं. बढाई उघडी पडली असती. आणि तूही इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस की हाजरीबाबू खाली कशाला गेला होता. तुला अंदाज आला होता का रे? त्या दिवसानंतर तो प्रश्न तुझ्या तोंडून पुन्हा कधी आला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

खाली लखन होता. छताला लाकडाचे टेकू लावणारा, छत्तीसगडचा माणूस. मला बघून हसला. "का देखे बर आय हस बाबू?" म्हणजे काय बघायला आलास. मी म्हणालो, "इन्स्पेक्शन." त्यानं मान डोलावली, जणू माझ्यासारखे रोज दहा येतात. आणि छत बसलं.

सहा तास. त्याचा पाय दगडाखाली, माझा फक्त चष्मा. अंधारात तो बोलत होता. गावातली नवी विहीर, आईचं दुखणं, पोराच्या मुंडनाला कोण कोण येणार. मला वाटलं, हा असाच बोलत राहिला तर हवा संपेल. मी ओरडलो, "चुप रहो!" तो चूप झाला. मग पुन्हा बोललाच नाही. आम्हाला बाहेर काढलं तेव्हा एकटा मी जिवंत होतो.

खाणीचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा आणि तीनही वेळा मी खाटेखाली. एकदा साहेब विचारपूस करायला घरी आले आणि त्यांचं बोलणं मी खाटेखालूनच ऐकून घेतलं. कुसुमनं माझं बोचकं बांधलं आणि भोंगा ऐकू येणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे तुझ्याकडे खाप्याला धाडून दिलं.

तुझा माग खड्ड्यातला. तू खाली पाय सोडून बसायचास, मी समोर पोत्यावर. बाजूला सहा वर्षांची शोभा चरख्यावर कांड्या भरायची. लुगड्याचा काठ चालू होता, म्हणून धोटा तू हातानं सावकाश फेकत होतास. होडीसारखा वीतभर लाकडाचा धोटा, पोटात लाल सुताची कांडी. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. तू रोज विचारायचास, खाली काय झालं. मी भिंतीकडे बघत सांगू लागायचो आणि "छत बसलं" इथवर आलो की अडकायचो, अंग घामानं ओलं. तिसऱ्या दिवशी मी बोलता बोलता धोट्याकडे बघत राहिलो आणि त्या जागेच्या पुढे गेलो. मला पत्ताही नाही. तुझ्या मात्र लक्षात आलं. हजार धाग्यांतला कुठला अडला ते तुला पाठमोऱ्यानं कळायचं.

"बाबू, भिंतीकडे पाहून सांगतं तवा अडकतं. धोट्याकडे पाहून सांगतं तवा पुढे जातं. काहून गा?"

"मला काय माहीत."

"मलेबी नाही माहीत. पण करून पाहू. मुंडी नाही हलवाची, फक्त डोळे. खालचं जे दिसून राहिलं ते मनात धर. अन् बोलू नको आता."

तू धोटा फेकत राहिलास. वीस-पंचवीस फेरे झाले की थांबायचास. "श्वास घे. आता काय दिसून राहिलं?"

"तेच. दगड."

"बरं." पुन्हा वीस-पंचवीस. "आता?"

"लखनचा आवाज येतोय."

"काय म्हणते तो?"

"काही नाही. मीच त्याला गप्प केलं. माझ्यामुळे गेला तो, गणपत."

मी ढसाढसा रडलो. दुसरा कुणी असता तर पाठीवर हात फिरवून म्हणाला असता, असं नाही हो, तुमचा काय दोष. तू तसं काही बोलला नाहीस. म्हणालास, "धरून ठेव. सोडू नको. मी आहो ना इथं." आणि धोटा पुन्हा सुरू.

अकरा दिवस लागले. आठव्या की नवव्या दिवशी काय झालं, ते लिहितोच. डोळे धोट्यामागे फिरत होते आणि एकाएकी मला विसरलेलं ऐकू आलं. मी "चुप रहो" म्हटल्यावर लखन म्हणाला होता, "हव बाबू." हो बाबू. रागानं नाही, घाबरलेल्या लेकराची समजूत घालावी तसं. आणि मागोमाग मनात आलं की दगड एवढा मोठा होता, रक्त एवढं गेलं होतं, तो बोलत राहिला असता तरी वाचला नसता. हेच वाक्य डॉक्टरांनी आणि साहेबांनी मला पन्नासदा ऐकवलं होतं. तेव्हा ते कानावरून जायचं. त्या दिवशी ते माझ्या आतून आलं, म्हणून पटलं. लखन मेला होता, मेलेलाच राहिला. फक्त तो पूर्वी मेलेला झाला. तोवर तो रोज माझ्यासमोर मरत होता.

घरी परतलो. चौथ्या दिवशी चहाची कपबशी हातात असताना ध्यानात आलं की भोंगा होऊन गेला आणि मी बिस्किट बुडवत बसलोय. बिस्किट चहात पडलं. ते काढण्यात मी इतका गुंतलो की आनंद करायचा राहून गेला.

आणि मग या शहाण्या माणसानं काय केलं? सगळ्या कॉलनीत सांगत सुटला की दवाखान्याच्या गोळ्या भारी निघाल्या. मॅट्रिक शिकलेल्या हाजरीबाबूला साडूच्या लाकडी धोट्यानं बरं केलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? तू पंगतीत चिडायचास. "गोळ्या तं तू माह्या घरी आला तवाच संपल्या होत्या बे!" मी म्हणायचो, गोळ्यांचा परिणाम उशिरा होतो. तू म्हणायचास, "एवढा उशिरा तं पोस्टमनबी येत नाही."

गुपचूप मी तुझा प्रयोग करूनही पाहिला, बरं का. आमच्या हेडक्लार्कची दाढ दुखत होती. त्याला समोर बसवला आणि त्याच्या नाकासमोर रूळ हलवला, इकडून तिकडे, चांगला अर्धा तास. आठवण धरायला सांगायची असते हे मी साफ विसरलो. आणि दाढदुखीची आठवण कशाला धरायची, दाढ तर तिथंच होती! त्याला चक्कर आली आणि तो हाजरीपटावर ओकला. या पुराव्यावर मी पुढच्या लग्नात तुला ठणकावलं की तुझी विद्या खोटी आहे.

आता माझी सर्वांत मोठी चूक ऐक. तुझ्या तेरवीनंतर शोभा मला म्हणाली, "मावसाजी, बाबांनी तुम्हाले कसं बरं केलं होतं? खरं सांगा." पोरीचे डोळे खोल गेलेले, हाताची बोटं आपसूक साडीचा पदर चुरगाळत होती. तिला तेवढी एकच गोष्ट हवी होती. आणि सोळा वर्षांची जिभेची सवय, माझ्या तोंडून गेलं, "गोळ्यांनी."

ती उठून आत गेली.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं खाप्याला गेलो. म्हटलं, आपणच मागावर बसू, धोटा चालवायला शिकू आणि शोभाला समोर बसवू. तू अर्धं विणून ठेवलेलं लुगडं तसंच मागावर होतं. विमलनं हातही लावला नव्हता. मी खड्ड्यात पाय सोडले, तुझ्यासारखा खाकरलो आणि धोटा फेकला. गणपत, तो धाग्यांत गेलाच नाही. थेट उडाला आणि भिंतीवरच्या तुझ्या हार घातलेल्या फोटोवर बसला. काच खळकन खाली. मी खड्ड्यात, धोटा चुलीपाशी, आणि तू फोटोत तसाच हसतोयस.

विमल धावत आली. काच बघितली, मला बघितलं, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता रडली आणि रडता रडता म्हणाली, "गेल्यावरबी सुखानं नाही राहू देत तुम्ही माणसाले! उठा तिथून. पोरीले शिकलेल्या डॉक्टरपाशी न्या."

नेली. जाताना रिक्षात मी शोभापाशी कबूल केलं, "गोळ्यांचं खोटं होतं. मला तुझ्या बापानं बरं केलं."

"मले माहीत होतं मावसाजी. मी तिथंच कांड्या भरून राहिली होती ना."

"मग विचारलं काहून?"

"तुमच्या तोंडून ऐकाचं होतं," ती म्हणाली आणि रिक्षाबाहेर बघत बसली. मी वरच्या टपाकडे.

आता खरी मजा. मनाचे डॉक्टर म्हणजे तिशीतला पोरगाच, टेबलावर परदेशी मासिकांचा ढीग. शोभाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, एक नवीन पद्धत आहे, अगदी ताजी, माझ्याही वाचनात नुकतीच आलीय. धक्क्याची आठवण मनात धरायची आणि डॉक्टरांच्या बोटामागे डोळे डावी-उजवीकडे न्यायचे. मधे थांबायचं, श्वास घ्यायचा, काय मनात आलं ते सांगायचं. मग पुन्हा.

मी खुर्चीतून उडालो. "अहो, हे तर आमच्या गणपतचं आहे!" त्याच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलून इकडून तिकडे सरकवायला लागलो, धोटा, कांडी, काठ, लखन, सगळं एकदम सांगायला लागलो. डॉक्टरनं शांतपणे गोळा माझ्या हातातून काढून घेतला, नवा कागद ओढला आणि विचारलं, "तुम्हाला झोप नीट लागते का?"

शोभा तोंड दाबून हसत होती. तिनंच समजावलं की पेशंट ती एकटीच आहे.

मग मात्र त्यानं माझं सगळं ऐकलं. तुझे वीस-पंचवीस फेरे, तुझं "श्वास घे", तुझं "आता काय दिसून राहिलं". लिहून घेतलं, गणपत! पेनानं, कागदावर! म्हणाला, अशी आठवण इतर आठवणींसारखी जुनी होत नाही, आवाजासकट, वासासकट कच्चीच राहते. ती धरून डोळे फिरवले की मन दोन कामांत वाटलं जातं आणि तिचा जोर ओसरतो, असं वाटतं. झोपेत स्वप्न पडताना डोळे फिरतात, त्याच्याशीही नातं असेल. नक्की काय ते अजून कुणालाच माहीत नाही. मला काय ते ऐकून गुदगुल्या झाल्या. तू म्हणाला होतास, मलेबी नाही माहीत, पण करून पाहू. तोही तेच म्हणत होता, फक्त त्याला टाय होता.

तो तुझ्यापेक्षा सावध. पहिल्या दोन खेपांना बोट वर केलंच नाही. नुसतं बोलणं, श्वास कसा घ्यायचा, नको वाटलं तर हात कसा वर करायचा. "सुरू करा ना," मी म्हणालो. त्यानं मला बाहेर बाकावर बसवलं. तिसऱ्या खेपेला शोभा म्हणाली, मावसाजींना आत राहू द्या. मी कोपऱ्यात बसलो, तोंडात रुमाल धरून.

बोट फिरू लागलं. थांबलं.

"काय आलं?"

"ट्रक."

पुन्हा.

"बाबांची चप्पल. एकच."

पुन्हा. तिचा श्वास लागला, हात वर जातो की काय असं वाटलं. गेला नाही.

"मी त्यांचा हात सोडला," ती म्हणाली. "रस्त्याच्या मधात. मी सोडला म्हणून..."

डॉक्टर "तुमची चूक नाही" म्हणाला नाही. म्हणाला, "ते धरा. मी इथं आहे." मी रुमाल चावला.

त्या खेपेला एवढंच. पुढच्या खेपेलाही तेच, चप्पल आणि सुटलेला हात. पण पाचव्या खेपेला बोट थांबलं आणि तिचा चेहरा बदलला, जशी एखादी वस्तू शोधता शोधता हाताला लागावी. "मी नव्हता सोडला," ती म्हणाली. "बाबांनी सोडला. माह्या हातात भाजीची पिशवी होती. म्हणे, आण इकडे, तुह्या हाताले वळ उठले. पिशवी घ्यायसाठी सोडला त्यांनी." आणि जरा वेळानं, "पिशवी घेतली होती त्यांनी. मले आत्ता दिसली त्यांच्या हातात."

मी एवढ्या जोरात नाक शिंकरलं की डॉक्टरनं वळून पाहिलं.

गणपत, ती तुझ्यासाठी रडते अजून. डॉक्टर म्हणाला, ते रडू आजार नाही, ते बापाचं आहे, राहील. पण तू तिच्यासमोर रोज मरत नाहीस आता. तू मेलास, आणि मरण्याआधी तिच्या हातातली पिशवी घेतलीस.

काल सकाळी मी सक्करदऱ्याला गेलो, ती साडी नेसून दारात आली. म्हणाली, "मावसाजी, चाला." मी डबा हातात घेतला, दुसऱ्या हातानं तिचा हात घट्ट धरला. रस्त्याच्या कडेला आलो. पलीकडे शाळेचं फाटक, पोरं आत शिरत होती.

"हात सोडा," ती म्हणाली.

"नाही सोडत."

"तुम्ही पकडून राहिले तं मी जाऊ कशी?"

सोडला. एक ट्रक येत होता. ती थांबली, त्याला जाऊ दिला, तो गेल्यावर उडालेली धूळ बसू दिली, आणि चालायला लागली. पळाली नाही. मधोमध पाऊल जरा अडखळलं, मग ती पुढे गेली, फाटकातून आत, आणि दिसेनाशी झाली. मी रस्त्याच्या अलीकडे उभा. एका सायकलवाल्याला सांगितलं, "बघितलं का? बघितलं का?" तो म्हणाला, "बाजूले व्हा बुढेबा."

तेवढ्यात ती फाटकातून परत बाहेर आली. मला वाटलं, झालं, भ्याली परत. ती दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडून आली, झपाझपा, कपाळाला आठी. ती आठी रस्त्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

"डबा द्या ना मावसाजी," ती म्हणाली, "घंटा झाली." माझ्या हातातून डबा हिसकला आणि परत गेली.